शंभर वर्षांच्या एकाकीपणावर क्विझ आहे, नावांचा गुंता सुटत नाही, मदत पाहिजे

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली, बीए शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजमधून तिघांची टीम साहित्य क्विझला चालली आहे यवतमाळला आणि यंदा पूर्ण क्विझ एकाच कादंबरीवर ठेवली आहे, गाब्रिएल गार्सिया मार्केसची वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड. आधी लेखी फेरी, त्यातून निघालेल्या टीमचा बझर राऊंड. एकवीस दिवस हातात आहेत. पुस्तक एकच, इंग्रजीतलं, तिघांत फिरतंय, माझ्याकडे रात्रीचं असतं कारण दिवसा मी घरच्यांसोबत वावरात असते, निंदण चालू आहे सध्या.

एकदा पूर्ण वाचून झालं. शेवटचं पान संपलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होती, लाईन गेलेली, हातात टॉर्च, आणि उठावंसंच वाटत नव्हतं. इतकं आवडलेलं पुस्तक माझं दुसरं नाही. पण मित्रानं सहज विचारलं की पेत्रा कोतेस कोणाची, जुळ्यातल्या मोठ्याची का लहान्याची, तर मी अडली. एकाच बुएंदिया घराण्यात होसे आर्कादिओ चार, वर एक नुसता आर्कादिओ, आणि आउरेलियानो तर मी मोजले, कर्नल आउरेलियानो बुएंदियाचे सतरा पोरं धरून बावीस भरतात. वहीत वंशावळ काढली ती तीन पानं झाली, आता ती वहीच पाठ करायची वेळ आली आहे. कोणी हे पुस्तक नीट पचवलं असेल तर कसं वाचलं ते सांगा प्लीज.

क्विझची_सवय
पेत्रा कोतेस आउरेलियानो सेगुंदोची. सुरुवातीला दोन्ही जुळे भाऊ तिच्याकडे जायचे आणि तिला तो एकच माणूस वाटायचा, ही गोष्ट लक्षात ठेव, विचारतात.

माझा सल्ला सरळ आहे, कार्ड बनव. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला आईबाप, कोणासोबत राहिला, मेला कसा. शंभरेक कार्ड होतील. मी चार-पाच वर्षं क्विझ खेळलो आहे, बझरवर भावना कामाला येत नाही, आकडे येतात. कर्नलनं बत्तीस सशस्त्र उठाव केले आणि बत्तीसही हरला, चौदा वेळा त्याच्या जिवावर घाला आला, त्र्याहत्तर वेळा दबा धरून हल्ला झाला, एकदा फायरिंग स्क्वाडसमोर उभा राहिला. पाऊस चार वर्षं अकरा महिने दोन दिवस. प्रकरणं वीस, त्यांना नंबर नाहीत. पहिली आवृत्ती १९६७, ब्युनोस आयरेस, सुदामेरिकाना प्रकाशन. इंग्रजी भाषांतर ग्रेगरी राबासा, १९७०. नोबेल १९८२. एवढं तर झोपेत पण आलं पाहिजे.

आणि पहिल्या वाक्याचा सापळा ओळखून ठेव. फायरिंग स्क्वाडसमोर उभं राहून बर्फ आठवणारा कर्नल गोळीनं मरतच नाही, त्याचा भाऊ होसे आर्कादिओ बंदूक घेऊन येतो आणि वाचवतो. गोळीनं मरतो तो आर्कादिओ. घाईत बझर दाबणारे इथं हमखास पडतात.

धुऱ्यावरचा
ताई, कार्ड बनवा पण आधी एक करा, हे पुस्तक मोठ्यानं सांगा कोनाले तरी. वाचून दाखवू नोका, सांगा. आपल्या बोलीत.

मी माह्या अनुभवातलं सांगतो. मी शेतकरी मानूस, वाशीम जिल्ह्यात आमचं वावर आहे, बीए झालो अन् घरी आलो. दोन वर्षामांग हे पुस्तक हाती लागलं तवा मले पन नावं ध्यानात राहत नोहती. माय संध्याकाळी छपरीत तुरीच्या शेंगा सोलत बसे, मी बाजूले वाचत बसो, एक दिवस तिनं इचारलं का रे बापू यवढं काय वाचून रायला. मी सांगाले लागलो. तिनं जे प्रश्न इचारले ना, त्याच्यानं मले पुस्तक समजलं.

पावसाचा भाग आला. मी म्हटलं माय, चार वर्षं अकरा महिने अन् दोन दिवस झड लागली. मायनं हातातली शेंग खाली ठेवली अन् म्हने, मंग जनावराइले काय खाऊ घातलं? मी म्हटलं थांब, पाहतो. मांगं जाऊन पाहिलं तर उत्तर आहे! पेत्रा कोतेसचे सारे जनावरं मरतात, एक खेचर रायते, तिले ती घरातल्या चादरी, इरानी गालिचे, मखमलीचे पडदे खाऊ घालते. मी पहिल्यांदा वाचलं तवा हे डोयाखालून निघून गेल्तं. ज्या मानसानं आयुष्यभर वैरनीची काळजी केली तिनं एका झटक्यात पकडलं. तवापासून मी पेत्रा कोतेसले इसरलो नाही अन् ती कोनाची हे पन इसरलो नाही, काहून का जे जनावरं मेले थे तिचे अन् आउरेलियानो सेगुंदोचेच होते, त्याइच्या जोडीपायीच तर गोठा इतका वाढला होता.

तसंच घराण्याचा मूळपुरुष होसे आर्कादिओ बुएंदिया मेला तवा रातभर पिवळ्या फुलाइचा पाऊस पडते. मायचा प्रश्न, सकाळी झाडलं कोनं? पुस्तकात आहे, फावडे अन् दाताळे घेऊन रस्ते मोकळे करा लागले तवा अंत्ययात्रा निघाली. मार्केस असा कुठंच हात झटकत नाही, अशक्य गोष्ट सांगते अन् मंग तिच्यामांगची झाडलोट पन सांगते.

पऱ्हाटी
दादा, मी तर हे वाचून पुस्तक उघडून खेचराचं पान शोधलं. खरंच आहे. आणि मी तेच पान दोनदा वाचलेलं होतं.

बंगई
धुऱ्यावरच्या भाऊंचं अगदी पटलं. मार्केसनी स्वतः सांगितलं आहे की ही कादंबरी लिहायचा सूर त्यांना आजीकडून सापडला. त्रांकिलिना त्यांच्या आजीचं नाव. ती भुताखेताच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी अशा चेहऱ्यानं सांगायची की जणू बाजारातून भाजी आणल्याचं सांगते आहे, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. कोलंबियात आराकाताका नावाच्या गावी आजोळी वाढले ते. ६ मार्च १९२७ चा जन्म. आजोबा निकोलास मार्केस, कर्नल, कोलंबियातल्या हजार दिवसांच्या यादवी युद्धात लढलेले, १८९९ ते १९०२. म्हणजे पुस्तकातला कर्नल कुठून आला हे पण कळतं. ज्या आवाजात ते पुस्तक तयार झालं त्याच आवाजात पाठ करायला काय हरकत आहे.

मी गोंदियाकडची, धानाचा पट्टा आमचा. मी वेगळ्या तऱ्हेनं लक्षात ठेवलं, ते पण सांगते. बायकांवरून. पुरुषांची नावं तीच तीच येतात पण बायका एकीसारखी दुसरी नाही. उर्सुला, होसे आर्कादिओ बुएंदियाची बायको, म्हणजे स्वयंपाकघर आणि साखरेचे प्राणी, त्या विक्रीवर तिनं घर वाढवलं. रेबेका म्हणजे अंगणातली ओली माती आणि भिंतीचा चुना खाणारी, आईबापाची हाडं थैलीत घेऊन आलेली. आमारांता म्हणजे हाताला काळी पट्टी, तिनं नाकारलेल्या पिएत्रो क्रेस्पीनं जीव दिला तेव्हा तिनं निखाऱ्यात हात घातला त्याची. फेर्नांदा म्हणजे तिचे नियम आणि तिच्या चादरी. मग कोणाच्या आयुष्यात कोणता आउरेलियानो आला ते आपोआप बसतं.

आमारांताचा मला सगळ्यात जीव लागला. मृत्यू निळ्या साडीतल्या, चुकली, निळ्या पोशाखातल्या बाईसारखा तिच्याजवळ येऊन बसतो आणि स्वतःचं कफन विणायला घे म्हणतो. विणून झालं की त्या दिवशी संध्याकाळी मरशील. ती तर मग गावभर सांगते की मी जाते आहे, कोणाला आपल्या मेलेल्या माणसाला चिठ्ठी पाठवायची असेल तर द्या, आणि लोक चिठ्ठ्या आणून देतात, पेटी भरते. मी हे वाचलं तेव्हा माझी आई जाऊन वर्ष झालेलं होतं. मी पुस्तक बंद केलं आणि एक कागद घेतला. पुढचं सांगत नाही.

क्विझची_सवय
ताई, वाचून गलबललो. खरं आहे.

तरी पऱ्हाटीला एक सांगतो, उर्सुलाचं सूत्र विसरू नको, ते स्वतः उर्सुलाच सांगते. आउरेलियानो नावाचे अबोल, एकटे राहणारे पण डोक्यानं तेज, आणि होसे आर्कादिओ नावाचे धाडसी, आततायी, त्यांच्यावर दुर्दैवाची छाया. हे सगळ्यांना लागू पडतं फक्त जुळ्यांना नाही. ते लहानपणी एकमेकांच्या जागी बदलून राहायचा खेळ खेळायचे आणि बहुतेक त्यातच कायमचे अदलाबदल झाले. दोघं एकाच क्षणी मरतात, आणि पुरताना पेट्या उलटसुलट होऊन प्रत्येक जण भावाच्या खड्ड्यात जातो. हा प्रश्न मी स्वतः एका क्विझमध्ये ऐकला आहे.

जुनी_वही
मी निवृत्त शिक्षक आहे, मोर्शी तालुक्यातला. सगळ्यांचं वाचलं, आनंद वाटला की आपल्या खेड्यापाड्यातून अशी चर्चा होते आहे. दोन गोष्टी सांगतो, थोडं लांबेल.

पहिली मेल्कियादेसच्या हस्तलिखिताची. तो जिप्सी म्हातारा बुएंदियांच्या घरी बसून जे लिहितो ते पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वाचता येत नाही, शेवटचा आउरेलियानो वाचतो. भाषा कोणती? संस्कृत! बेटा हा प्रश्न येणारच असं समज. शिवाय नुसतं संस्कृत नाही, सम ओळी सम्राट ऑगस्टसच्या खासगी संकेतात आणि विषम ओळी लॅसिडिमोनियाच्या म्हणजे स्पार्टाच्या लष्करी संकेतात. हे मी वाचलं तेव्हा मला आमचं रिद्धपूर आठवलं. माझ्या घरापासून सायकलनं जाता येतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, मठाबाहेरच्या माणसाला कितीतरी शतकं ते वाचताच आले नाहीत. भाषा आपलीच, साधी बोलती मराठी, लीळाचरित्राची, पण अक्षरांवर कुलूप. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते कुलूप उघडलं. लहानपणी मी मठात एक पोथी पाहिली होती, रुमालात बांधलेली, त्यातलं एक अक्षर मला ओळखू येईना आणि तिथले बाबा ती घडाघडा वाचत होते. म्हणून आउरेलियानो त्या खोलीत वाकून बसतो, बाहेर वादळ सुटतं आणि त्याला कळतं की आपण वाचतो आहोत ते आपलंच घर आहे, ते पान मला परकं वाटलंच नाही.

दुसरी गोष्ट रेल्वेची. पऱ्हाटी, तू दारव्ह्याची आहेस म्हणून सांगतो. माकोंदोत, म्हणजे कादंबरीतल्या गावात, पिवळी गाडी येते, ती आणतो कर्नलच्या सतरांपैकी आउरेलियानो त्रिस्ते. नदीवर धुणं धुणारी बाई पहिल्यांदा ती पाहते आणि ओरडत येते की एक स्वयंपाकघर आपल्यामागं गाव ओढत येऊन राहिलं आहे. नंतर त्याच गाडीनं केळीची कंपनी येते. आता तुझ्या गावाजवळून शकुंतला जायची ना, यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर, जवळपास १९० किलोमीटर, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं टाकलेली नॅरो गेज, कशासाठी तर वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. मी तिच्यात बसलो आहे. कारंज्याच्या पुढं गाडी इतकी हळू चाले की पोरं उतरून पळत पुन्हा चढत. तुझ्या आजीला विचार, तिला त्या गाडीचं नक्की आठवत असेल. रूळ आले की गावात काय काय येतं आणि रूळ थंड झाले की काय उरतं हे तुला कोणत्या गाईडमधून शिकायची गरज नाही.

क्विझची_सवय
सर, मान ठेवून सांगतो, पण इथं जपायला पाहिजे. रिद्धपूर आणि शकुंतला वाचायला मला पण भरून आलं, पण परीक्षकासमोर माकोंदोला विदर्भ करून चालणार नाही. कापसाच्या रेल्वेची गोष्ट वेगळी आणि केळीच्या कंपनीची वेगळी. तिथं खरं घडलेलं आहे. डिसेंबर १९२८, सिएनागा गाव, युनायटेड फ्रूट कंपनीच्या मळ्यांतल्या मजुरांचा संप, आणि चौकात जमलेल्या लोकांवर सैन्यानं गोळीबार केला. मार्केस तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. सैन्याच्या प्रमुखाचं नाव कार्लोस कोर्तेस वार्गास, आणि कादंबरीत हुकूमनामा क्रमांक ४ वर हेच खरं नाव सही म्हणून येतं. पुस्तकात मेलेले तीन हजारांवर, प्रेतं जवळजवळ दोनशे डब्यांच्या गाडीत भरून समुद्राकडे नेतात, त्यात होसे आर्कादिओ सेगुंदो जिवंत शुद्धीवर येतो, उडी मारतो, आणि गावी परत येऊन सांगतो तर कोणी मानत नाही. काही झालंच नाही म्हणतात. प्रत्यक्षात किती मेले यावर आजही एकमत नाही. हा फरक लेखी फेरीत एका वाक्यात लिहिता आला पाहिजे.

जुनी_वही
बरोबर आहे तुमचं. त्या मजुरांचं दुःख त्यांच्याच नावानं राहिलं पाहिजे. मी आठवण सांगितली, तुलना नाही. पोरीनं दोन्ही ठिकाणं वेगवेगळी ठेवावी.

बंगई
आणि जादुई वास्तववाद म्हणजे काय हा प्रश्न आला तर? तो येतोच.

क्विझची_सवय
शब्द आधी चित्रकलेत आला, फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकानं १९२५ मध्ये वापरला. क्युबाचा आलेहो कार्पेंतिएर १९४९ मध्ये अद्भुत वास्तव म्हणतो, त्याचं म्हणणं की लॅटिन अमेरिकेत अद्भुत गोष्ट जमिनीतच आहे, ती बनवावी लागत नाही. तेवढं पुरे.

धुऱ्यावरचा
मी मायले हे असं समजावलं होतं. पाद्री निकानोर चॉकलेटचा कप पिते अन् जमिनीवरून वर उचलल्या जाते, लोक डोळे पुसतात अन् चर्चसाठी पैसे टाकतात. अन् तोच गाव बर्फ पाहून थक्क होते. पोट्ट्या आउरेलियानोनं बर्फाले हात लावला अन् झटक्यात काढला, म्हने हे तर उकळून रायलं. जे आपल्यासाठी रोजचं थे त्याइच्यासाठी चमत्कार, अन् जे आपल्यासाठी चमत्कार थे त्याइच्या रोजच्यातलं. माय म्हने, बर्फ मी पन पहिल्यांदा लगनानंतर पाहिला, अकोल्याले, हात भाजल्यासारखाच वाटला होता.

पऱ्हाटी
मला कोणाचे आभार मानू कळत नाही. काय केलं ते सांगते. दोन दिवस झड लागलेली, वावरात जाता येत नव्हतं, मी आजीला बसवलं आणि सुरू केलं. आजी ८१ वर्षांची आहे, तिला दिसत नाही आता. उर्सुला आंधळी होते आणि कोणाला कळू देत नाही, वासावरून, आवाजावरून, घरातला प्रत्येक माणूस रोज त्याच वाटेनं जातो हे हेरून ती घर चालवते, हे सांगितलं तर आजी माझा हात धरून म्हणाली, असंच असते बाई. मग पुढं फेर्नांदाची हरवलेली अंगठी कोणाला सापडत नाही ती उर्सुलाला सापडते, कारण लोक रोजच्या वाटेवर शोधत होते आणि वस्तू तर वाट सोडल्यावर हरवते. आजीनं हे मला पुन्हा सांगायला लावलं. दोनदा.

सुंदर रेमेदिओस चादरी वाळत घालताना हवेत उचलली जाते आणि चादरींसकट आभाळात जाते, तर आजीचा पहिला प्रश्न, मंग चादरी भेटल्या का वापस? मी पाहिलं. फेर्नांदा देवाकडे हेच मागत राहते की माझ्या चादरी परत दे.

शकुंतलेचं पण विचारलं सर. आजीला लग्नात त्याच गाडीनं आणलं होतं दारव्ह्याला. मला हे माहीतच नव्हतं, बावीस वर्षं एका घरात राहून.

एक शंका आहे. निद्रानाशाची साथ, ज्यात लोक वस्तूंची नावंही विसरायला लागतात, ती रेबेकासोबत येते ना? आणि नावाच्या चिठ्ठ्या वस्तूंना लावायची युक्ती कोणाची, बापाची का पोराची?

क्विझची_सवय
साथ रेबेकासोबत, ओळखते घरातली कामवाली व्हिसितासिओन, पसरते उर्सुलाच्या साखरेच्या प्राण्यांमधून. चिठ्ठ्यांची युक्ती पोराची, आउरेलियानोची. बाप नंतर तीच गावभर करतो. गायीच्या गळ्यात पाटी, ही गाय आहे, हिचं रोज सकाळी दूध काढावं लागतं. बरं करतो मेल्कियादेस. आणि कर्नलचं युद्ध संपवणारा नीरलांदियाचा तह सैबाच्या झाडाखाली होतो, सैबा म्हणजे आपल्या सावरीच्या नात्यातलं झाड, त्याच दिवशी कर्नल छातीत गोळी झाडून घेतो आणि तरी वाचतो, डॉक्टरनं आयोडीननं गोल काढलेली जागा असते ती. हे सगळं एका श्वासात पाठ कर.

बंगई
होजो बाई तुझं चांगलं. डबा घेऊन जा, उपाशी बझर दाबू नको.

पऱ्हाटी
मंडळी, काल क्विझ झाली. रात्री उशिरा पोचली म्हणून आज लिहून राहिली.

लेखी फेरीत आम्ही वरच्या सहात आलो. हस्तलिखिताची भाषा आली, सर, तुमची आठवण काढत लिहिलं. हुकूमनाम्यावरची सही पण आली. बझरला मात्र डब्यांचा आकडा आमच्या मित्रानं घाईत तीन हजार सांगितला, त्याला मेलेल्यांचा आकडा तोंडात बसलेला होता, ते गुण गेले. खूप रडला तो बसमध्ये. आम्ही तिसरे आलो.

पण एक प्रश्न असा आला की हॉलमध्ये कोणी बझरला हात लावला नाही. होसे आर्कादिओचं रक्त दारातून निघून रस्त्यानं उर्सुलाच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं, तर बैठकीतून जाताना ते भिंतीच्या कडेकडेनं का जातं. मी दाबला. जाजमाला डाग लागू नये म्हणून. आणि विचारलं नव्हतं तरी पुढचं पण सांगितलं, की उर्सुला तेव्हा ब्रेडसाठी छत्तीस अंडी फोडायच्या तयारीत होती. आजीनं हे ऐकलं होतं तेव्हा म्हणाली होती, पोराचं रक्त आहे, मायचं घर कसं खराब करन.

घरी आली तर आजी जागी होती. निकाल विचारला नाही तिनं. म्हणाली, थे शेवटचं राहिलं आहे, मुंग्यांचं, थे सांग आता. बाळ जन्मतं शेपटीसकट आणि मुंग्या नेतात ते मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. काल रात्री सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, बाळाजवळ कोणीच नोहतं का. मी म्हटलं नव्हतं आजी, आई बाळंतपणात गेली आणि बाप दुःखात गावभर फिरत होता.

पुस्तक आता आमच्या तिघांचं वाचून झालं आहे, कॉलेजच्या लायब्ररीतून माझ्या नावावर महिनाभर वाढवून घेतलं आहे. दिग्रस, पुसद, नेर भागातल्या कोणाला पाहिजे असेल तर इथं लिहा, दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर मी आणून देते. पाठीमागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं वंशावळ काढलेली आहे, ती खोडू नका.

धुऱ्यावरचा
ताई, मले पाहिजे. माह्याजवळचं पुस्तक भाच्यानं नेलं अन् माय पुन्हा सुरुवातीपासून ऐकाले बसली आहे. रविवारी दारव्ह्याले येतो, कापसाच्या बियाण्याचं काम पन आहे.

पऱ्हाटी
हाव दादा, रविवारी अकराला. पिवळी ओढणी राहील माझी.